मुदत सांगायची कुणी?

कायद्याचा सल्ला मागायला येणाऱ्या माणसांचे प्रश्न नीट ऐकले, तर त्यांतले बहुतेक भूतकाळातले असतात. 'मी बनवलेलं उपकरण आठ महिन्यांपूर्वी लोकांना चालवून दाखवलं, त्याचा व्हिडिओही टाकला. आता पेटंट मिळेल का?' 'मतदान केंद्रावर गेले तर यादीत नावच नाही. मी काय करायला हवं होतं?' 'आम्ही वीस वर्षं एकत्र राहिलो, लग्न केलं नव्हतं. घर त्यांच्या नावावर होतं आणि ते गेले. आता माझं काय?' कायदे तीन, माणसं तीन, पण तिघांना मिळणाऱ्या उत्तराची सुरुवात सारखीच असते: आधी यायला हवं होतं.

या उत्तरात खोटं काही नाही. तरी ते कानावर पडलं, की माझ्या मनात दर वेळी तोच प्रश्न येतो. आधी यायला हवं, हे त्यांना आधी कुणी सांगितलं होतं?

'कायदा ठाऊक नव्हता ही सबब चालणार नाही' हे तत्त्व जगभरच्या बहुतेक न्यायव्यवस्थांनी पत्करलं आहे आणि त्याला कारणही आहे. नाहीतर प्रत्येक आरोपी अज्ञानाची ढाल पुढे करून सुटला असता. पण चोरी, मारहाण, फसवणूक करू नये हे कायद्याचं पुस्तक न उघडताही कळतं. उपकरण लोकांना दाखवण्याआधी अर्ज करावा, मृत्युपत्रावर साक्ष करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातून काही देऊ नये, अमुक तारखेच्या आत नाव नोंदवावं, या गोष्टी मात्र कुणाच्याही सदसद्विवेकबुद्धीला आतून सुचत नाहीत. त्या सांगाव्याच लागतात. इथे माणूस वाईट वागून फसत नाही, काहीच न केल्यामुळे फसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की जो कायदा नागरिकाच्या गप्प राहण्याची किंमत वसूल करतो, त्याने मुदत संपण्याआधी त्या नागरिकापर्यंत पोचलं पाहिजे. पोचता येत नसेल, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ नागरिकाचं कमीत कमी नुकसान होईल असा लावला पाहिजे.

न्यायालयांना हा विचार अगदीच परका नाही. लॉस एंजेलिस शहरात एकेकाळी असा नियम होता, की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला शहरात पाच दिवसांहून जास्त राहायचं असेल, तर त्याने पोलिसांकडे नोंद करावी. एका बाईने ती केली नाही, कारण असा काही नियम आहे हेच तिला माहीत नव्हतं. ती दोषी ठरली. १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॅम्बर्ट खटल्यात तो निर्णय उलटवला. निव्वळ शहरात असणं आणि नोंद न करणं एवढ्यावरून शिक्षा करायची, तर नोंदीचं बंधन त्या व्यक्तीला माहीत होतं किंवा माहीत होण्याजोगं होतं, हे आधी दाखवावं लागेल, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्या काळात या निकालाचा परीघ लहानच ठेवला गेला. तो वाढायला हवा होता आणि फौजदारी शिक्षेच्या पलीकडे, जिथे माणसं घर, हक्क आणि आयुष्याचं काम गमावतात तिथपर्यंत जायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

पेटंटचं उदाहरण आधी घेतो. शोध नवा असला पाहिजे, ही पेटंटची पहिली अट. नवा म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कुठेही जाहीर न झालेला. जाहीर करणारा दुसरा कुणी असो की स्वतः संशोधक, युरोपच्या पेटंट व्यवस्थेला त्याने फरक पडत नाही. कुणी विश्वासघात करून शोध फोडला किंवा तो ठरावीक अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडला, तरच सहा महिन्यांची सूट मिळते. स्वतःच्या उत्साहाने दाखवलेल्या व्हिडिओला तिथे सूट नाही. अमेरिकेत मात्र संशोधकाने स्वतः जाहीर केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. जपानने ही सवलतीची मुदत २०१८ मध्ये सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. म्हणजे आठ महिन्यांपूर्वी व्हिडिओ टाकणाऱ्या त्या माणसाचं काम एका देशात अजून वाचवता येतं आणि दुसऱ्या देशात ते त्याच्या हातून कायमचं गेलेलं असतं. काम तेच, माणूसही तोच.

आणि अशी माणसं बेफिकीर असतात असं कुणी समजू नये. आपल्या शोधाचं वर्णन लिहून, लिफाफा बंद करून तो स्वतःच्याच पत्त्यावर टपालाने पाठवणारे लोक आहेत. शिक्क्यावरची तारीख आपली साक्ष देईल, अशी त्यांची समजूत असते. ही युक्ती पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी चालत आली आहे आणि पेटंट मिळवण्यासाठी तिचा उपयोग नाही. कल्पना आधी कुणाला सुचली याला आज महत्त्व नाही, अर्ज आधी कुणी केला याला आहे. अमेरिकेनेही १६ मार्च २०१३ पासून हीच पद्धत स्वीकारली. लिफाफा जपून ठेवणाऱ्याने काळजी घेतली होती, फक्त ती घ्यायची कशी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अनेक देशांत तात्पुरता अर्ज करून तारीख राखून ठेवता येते आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. १८८३ च्या पॅरिस करारामुळे एका सदस्य देशातल्या अर्जाची तारीख बाकीच्या सदस्य देशांत बारा महिने धरून ठेवता येते. ही सोय त्या लिफाफ्यापेक्षा शतपटीने कामाची आहे आणि ज्याला ती हवी असते त्याच्या कानावर ती सहसा जात नाही.

सवलतीच्या मुदतीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. एखादी गोष्ट उघडपणे प्रसिद्ध झाली, तर ती वापरायला मोकळी आहे असं इतरांनी धरून चालावं की नाही? वर्षभराने कुणी येऊन त्यावर हक्क सांगणार असेल, तर कारखाना उभारणारा अंधारातच राहील. हा आक्षेप खरा आहे. पण जपान आणि दक्षिण कोरियाने यातून वाट काढली आहे: सवलत हवी असेल, तर संशोधकाने आपण हे आधी जाहीर केलं होतं असं सांगून त्याचा पुरावा द्यायचा. थोडी अनिश्चितता उरतेच. ती सोसायची कुणी, मोठ्या कंपनीच्या कायदा विभागाने की एकट्याने खपलेल्या माणसाने, एवढाच प्रश्न आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे.

वारसाहक्काच्या बाबतीत अज्ञान जास्त दुखतं, कारण ते उघडं पडतं तेव्हा घरात दुःख असतं आणि ज्याने काही करायला हवं होतं तो माणूस गेलेला असतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांपैकी एक जण मृत्युपत्राविना वारला, तर वारसांच्या कायदेशीर क्रमात जोडीदाराला जागाच नाही. सहवास दोन वर्षांचा असो की तीस. तरीही 'पुष्कळ वर्षं एकत्र राहिलं, की कायद्याच्या नजरेत लग्न झाल्यासारखंच' ही समजूत तिथे इतकी घट्ट आहे, की २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांनी ती खरी मानली होती. निम्मा समाज जेव्हा एकच चूक करतो, तेव्हा तिला माणसांचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. जोडीदाराला १९७५ च्या कायद्याखाली न्यायालयात जाऊन तरतूद मागता येते, पण त्यालाही मुदत आहे: मालमत्तेच्या कारभाराचा अधिकार न्यायालयाने कुणाला दिल्यापासून सहा महिने. माणूस गेल्यावर पहिले सहा महिने कसे जातात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या मुदतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१४ पासून उलट वाट धरली. दोन वर्षं पतीपत्नीसारखं एकत्र राहिलेल्यांना वारसाहक्कासाठी पतीपत्नीच धरलं जातं. लोकांची समजूत आणि कायदा यांत अंतर पडलं, तर दर वेळी लोकांनीच चालत कायद्यापाशी यावं असं कुठे आहे?

मृत्युपत्र करणाऱ्यांचीही सुटका नाही. इंग्लंडमध्ये १८३७ चा कायदा आजही लागू आहे. सही दोन साक्षीदारांसमक्ष हवी आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्रात काही दिलं असेल, तर ते देणं रद्द होतं. आईने मुलीला कागदावर साक्ष करायला सांगितलं, तर ज्या मुलीला घर द्यायचं होतं तिचंच घर जातं. फ्रान्समध्ये सगळंच उलटं. तिथे स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तारीख घातलेलं, सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदाराशिवायही चालतं, पण तोच मजकूर टंकलिखित करून खाली सही केली तर चालत नाही. शिवाय फ्रान्समध्ये मुलांचा वाटा राखीव असतो. एक मूल असेल तर अर्धी मालमत्ता, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. एका देशातून दुसऱ्या देशात राहायला गेलेला माणूस जुना कागद कपाटात जपून ठेवतो आणि निर्धास्त राहतो.

नॉमिनीच्या रकान्याने तर किती घरांत भांडणं लावली असतील, सांगता येत नाही. भारतात बँकेच्या खात्याला किंवा शेअर्सना लावलेला नॉमिनी हा मालक ठरत नाही. तो वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर ती रक्कम त्यांच्या हक्काची ठरते. म्हणजे एकाच माणसाच्या दोन फॉर्मवर एकच शब्द आणि त्याचे अर्थ दोन. अमेरिकेत नोकरीतल्या बचत योजनेच्या फॉर्मवर ज्याचं नाव, पैसे त्याचे. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात पतीपत्नीचा घटस्फोट झालेला होता, या पैशांवरचा हक्क पत्नीने घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात सोडलाही होता, पण नवऱ्याने योजनेच्या फॉर्मवरचं नाव बदललं नव्हतं. तो वारल्यावर सुमारे चार लाख डॉलर घटस्फोटित पत्नीला मिळाले आणि न्यायालयाने ते योग्य ठरवलं. घटस्फोट झाला की जुनं नाव आपोआप रद्द व्हावं, असे कायदे तिथल्या अनेक राज्यांनी केले आहेत, पण नोकरीतल्या अशा योजनांना ते लागू करता येत नाहीत, असा निकाल २००१ मध्येच आला होता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय खुपतं? प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी त्या माणसासमोर बसलेलं होतं. त्याच्याकडून फॉर्म भरून घेणारा कारकून होता, लग्नाची नोंद करणारा अधिकारी होता, घटस्फोटाचा हुकूमनामा देणारं न्यायालय होतं. सही घेताना 'या रकान्यात नाव लिहिलं, तरी ती व्यक्ती मालक होत नाही' एवढं एक वाक्य सांगितलं असतं, फॉर्मवर ठळक छापलं असतं, तर पुढची दहा वर्षांची कोर्टकचेरी टळली असती. जर्मनीने याहून पुढचं पाऊल टाकलं. २०१२ पासून तिथे मृत्युपत्रांची मध्यवर्ती नोंदवही आहे. कुणी वारलं, की मृत्यूची खबर तिथे आपोआप जाते आणि नोंदवलेलं मृत्युपत्र असेल तर संबंधित न्यायालयाला कळवलं जातं. वारसांना कपाटं धुंडाळावी लागत नाहीत.

मतदानाचा हक्क हा तर मागून मिळवायचा हक्कच नाही. तरी पुष्कळ देशांत तो वापरण्याआधी नागरिकाने स्वतः जाऊन नाव नोंदवायचं असतं, तेही मुदतीत. अमेरिकेतल्या केंद्रीय निवडणुकांसाठी ही मुदत मतदानाच्या जास्तीत जास्त तीस दिवस आधीपर्यंत मागे नेता येते. निवडणुकीची हवा तापते, शेजारीपाजारी बोलू लागतात, आपणही मत द्यावं असं एखाद्याला वाटू लागतं, तेव्हा दार बंद झालेलं असू शकतं. त्याच देशातल्या नॉर्थ डकोटा राज्यात मतदार नोंदणी मुळी नाहीच, ओळख आणि पत्ता दाखवून मत देता येतं आणि तिथली लोकशाही काही कोसळलेली नाही. जर्मनीत रहिवाशांच्या नोंदीवरूनच यादी तयार होते आणि मतदानाच्या किमान एकवीस दिवस आधी प्रत्येक मतदाराला टपालाने सूचना येते. नागरिक घरी बसलेला असतो आणि सरकार त्याच्या दारात जातं. मला हेच योग्य वाटतं, कारण आपण मतदार आहोत हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला, की तो सर्वांत जड कुणाला होतो हे उघड आहे: ज्याचं घर वारंवार बदलतं, ज्याला रजा मिळत नाही, ज्याला फॉर्म वाचता येत नाही.

भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा, १९५१-५२ चा, एक तपशील या संदर्भात मला विसरता येत नाही. यादी करणारे घरोघर गेले होते, म्हणजे सरकारने आपलं काम टाळलं नव्हतं. पण अनेक स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशी नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गेली. पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रीत मोडावी अशी सेन यांची अपेक्षा होती आणि तो हेतू मला समजतो. पण त्या वेळचं मत त्या बायकांच्या हातून गेलं ते गेलंच. आपलं नाव न सांगण्याची किंमत आपलं मत आहे, हे त्यांच्यातल्या किती जणींना दारात उभं राहून कुणी समजावलं असेल? आजही नुसतं ओळखपत्र हातात असून भागत नाही, यादीत नाव लागतं आणि पुष्कळांना हे केंद्रावर गेल्यावर कळतं. २०२२ पर्यंत तर वर्षातून १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला नोंदणीसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे. आता अशा चार तारखा आहेत. ही सुधारणा मी मोठी मानतो.

याच्या अगदी उलट गोष्ट फ्लोरिडात घडली. शिक्षा भोगून सुटलेल्यांना मताधिकार परत देणारी घटनादुरुस्ती तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये मंजूर केली. खून आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या दोषींना तिच्यातून वगळलेलं होतं. २०१९ मध्ये राज्याने कायदा केला, की दंड आणि न्यायालयीन शुल्क फिटल्याशिवाय हक्क मिळणार नाही. कुणाचं किती देणं बाकी आहे हे खात्रीने सांगणारी एक मध्यवर्ती नोंद मात्र नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये वीस जणांना बेकायदा मतदानासाठी अटक झाल्याचं जाहीर झालं. ते वगळलेल्या गटातले होते. पण त्यांतल्या अनेकांनी सांगितलं, की आम्ही अर्ज केला होता आणि निवडणूक कार्यालयानेच आम्हाला मतदार कार्ड पाठवलं होतं. सरकारला स्वतःच्या यादीत कोण पात्र आहे हे ठरवता आलं नाही आणि ते ठरवण्याची अपेक्षा तुरुंगातून आलेल्या माणसाकडून केली गेली. त्यांच्या गुन्ह्यांबद्दल मला सहानुभूती नाही. पण सरकारी कार्डावर विश्वास ठेवणं हा गुन्हा ठरत असेल, तर कशावर विश्वास ठेवायचा हे तरी त्या सरकारने सांगावं.

'ज्याला गरज असेल त्याने वकिलाकडे जावं' असं म्हणणारे आहेत. वकिलाकडे जायला आधी आपल्यापुढे प्रश्न आहे हे कळावं लागतं. ते कळलेलं नसतं, म्हणून तर मुदत उलटते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सरकारने सगळं आपोआप केलं, तर माणसाच्या इच्छेला जागा उरणार नाही. यावर मी विचार केला आहे. आपोआप झालेल्या गोष्टीतून बाहेर पडण्याची मोकळीक ठेवली, तर इच्छेला धक्का लागत नाही. ज्याला आपल्या जोडीदाराला काही द्यायचं नाही, त्याने तसं लिहून ठेवावं. लिहिण्याचे कष्ट अशा वेगळी इच्छा असलेल्याने घ्यावेत, कारण आपली इच्छा वेगळी आहे हे त्याला ठाऊक असतं. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्याकडून ते कष्ट मागण्यात अर्थ नाही.

कायदा प्रसिद्ध केला की काम झालं, ही समजूतही फार जुनी आहे. रोममध्ये इसवीसनपूर्व ४५० च्या सुमारास बारा पाट्यांवर कायदा लिहून सर्वांसमोर मांडला गेला. तरीही दावा कोणत्या दिवशी लावता येतो याचं पंचांग पुढे जवळजवळ दीडशे वर्षं पुरोहितांच्याच हातात राहिलं. नियम भिंतीवर, तारीख मात्र खिशात. इसवीसनपूर्व ३०४ मध्ये ग्नेयस फ्लेव्हियस नावाच्या एका लेखनिकाने, मुक्त झालेल्या गुलामाच्या मुलाने, त्या दिवसांची यादी पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात लावली. प्रतिष्ठित घराण्यांना त्याचा संताप आला होता.

१९४८ च्या जून महिन्यात कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतात एक शेतकरी स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली अडकला. अनेक तास तो तिथे होता. खिशातल्या चाकूने त्याने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोरलं, की यात माझं बरंवाईट झालं तर सगळं बायकोला द्यावं, आणि खाली सही केली. तो वाचला नाही. तो पत्रा कापून न्यायालयात नेला गेला आणि मृत्युपत्र म्हणून मान्य झाला, कारण त्या प्रांतात स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाही. इंग्लंडच्या शेतात तीच अक्षरं कोरली असती, तर तो नुसता ओरखडे पडलेला पत्रा ठरला असता. आपल्या प्रांताचा कायदा काय म्हणतो, हे त्या माणसाला माहीत होतं की नव्हतं, कुणाला ठाऊक. तो पत्रा तिथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात आजही ठेवलेला आहे.